कच्चा कोयंडा दिसला, तर सांगावे काय?

(तोरणमाळ येथील प्रौढ साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



मागच्या बैठकीत एका दादांनी एक प्रश्न विचारला होता. दादा गवंडीकाम करतात. दिवाळी झाली की सुरतेकडे जातात आणि होळीला परत येतात. त्यांनी विचारले, "गुरुजी, आपण कुणाच्या घरी कामाला गेलो. तिथं दिसलं, की मागच्या दाराची कडी बाहेरून काडी घालून निघते. तर मालकाला सांगावं का? सांगितलं तर मालक म्हणेल, तुला रे कसं ठाऊक?"

तेव्हा सगळे हसले. आम्हीही हसलो. पण नंतर यशवंत तळ्याच्या काठाने घरी जाताना आम्हांला ते हसू टिकेना. प्रश्न साधा नाही. आम्ही सुताराच्या घरात जन्मलो. हा प्रश्न आमच्या घरात एकदा येऊन गेला आहे, आणि फार वाईट रीतीने येऊन गेला आहे. म्हणून आज त्यावरच बोलू.

आधी हे पाहू, की कारागिराला दिसते तरी काय.

इथे वर आपल्या पाड्यांवर घरे कुडाची. बांबू फाडून भिंत विणायची, तिला शेणमातीचा लेप द्यायचा. अशा घराला भले थोरले कुलूप लावून काय करणार? शेजारी जागा आहे, कुत्रे भुंकते आहे, तेच आपले कुलूप. महाशिवरात्रीला गोरखनाथाच्या यात्रेत सगळा पाडा उतरतो, तरी एखादी म्हातारी घरी राहतेच.

पण आपण ज्यांच्या कामाला जातो, त्यांची घरे निराळी. पक्क्या भिंती, लाकडी दारे, लोखंडी फाटके, गोदामे. मालक कुलुपाकडे पाहतो. कुलूप मोठे आहे, पितळी आहे, म्हणजे झाले, असे त्याला वाटते. कारागीर मात्र कुलूप कशावर टांगले आहे ते पाहतो.

कोयंडा लाकडात स्क्रूने बसवलेला असतो. कडीची पट्टी त्यावर पडली, की तिने त्या स्क्रूंची डोकी झाकली पाहिजेत. पुष्कळ ठिकाणी ती उघडीच राहतात. मग कुलपाला हात लावायचे कारणच नाही. चार आण्यांचा पेचकस घ्यावा, चार स्क्रू काढावेत, कोयंडा कुलपासकट हातात येतो. दार बाहेर उघडणारे असेल तर बिजागरी बाहेरच्या अंगाला येते. तिची सळई ठोकून वर काढली, की कुलूप एका बाजूला तसेच राहते आणि दार दुसऱ्या बाजूने उघडते. जुन्या वाड्यांतून बिजागरी नसते. फळीचा खालचा खुंटा दगडातल्या खाचेत फिरतो. वर मोकळी जागा जास्त ठेवली असेल, तर दोघांनी फळी उचलली की खुंटा खाचेतून बाहेर. कुठे खिडकी आतल्या कडीपासून हातभर अंतरावर. कुठे किल्ली रोज एकाच कोनाड्यात. रंगारी असो, गवंडी असो, वीज जोडणारा असो, दोन दिवस घरात वावरला की हे त्याला दिसते. तो मुद्दाम पाहत नाही. हाताला ज्याची सवय ते डोळ्यांना दिसतेच.

आता आमच्या घरची गोष्ट.

आमचे घर खाली शहादे तालुक्यात. वडील सुतार होते. लिहिता-वाचता येत नव्हते, पण दार असे बसवीत की पावसाळ्यातही उंबऱ्याला घासत नसे. एकदा एका मिरचीच्या व्यापाऱ्याने त्यांना बोलावले. गोदामाच्या चौकटीला वाळवी लागली होती. खालचा तुकडा कापून नवा जोडायचा, एवढेच काम. वडिलांनी दीड दिवसात ते केले. काम करताना त्यांना दिसले, की कोयंड्याचे चारही स्क्रू उघडे आहेत.

ते बोलले नाहीत. का बोलले नाहीत? आम्ही पुढे त्यांना विचारले. ते म्हणाले, "शेट तापट. म्हणाला असता, चौकटीचं काम सांगितलं तर कोयंड्याचंही गळ्यात मारतो. आणि दुसरं म्हणजे, मला भीती वाटली. मी दार कसं फोडायचं ते शेटला सांगायचं, आणि उद्या दार फुटलं तर?"

चार महिन्यांनी दार फुटले. मिरचीची पोती गेली. कुलूप कोयंड्यासकट पायरीवर पडलेले होते, साबूत. व्यापाऱ्याने पोलिसांना सांगितले, की गोदामात शेवटी बाहेरचा माणूस कामाला आला तो सुतार. वडिलांना दोन दिवस ठाण्यावर बसवून ठेवले. आई भाकरी घेऊन जायची आणि बाहेर ओट्यावर बसायची. आम्ही तेव्हा तिसरीत होतो. शाळेत पोरे काय म्हणत ते सांगत नाही.

तिसऱ्या दिवशी माल सापडला. त्याच व्यापाऱ्याकडे पोती वाहणारा एक गाडीवान निघाला. तो रोज दारापुढे उभा राहायचा. त्यालाही ते स्क्रू दिसत होतेच की! वडील सुटून आले. कुणी माफी वगैरे मागितली नाही.

हे नीट ध्यानात घ्या. वडिलांना वाटले, गप्प राहिलो म्हणजे संशयातून सुटलो. झाले उलटे. गप्प राहिले तरी संशय आलाच. आणि संशय आला तेव्हा त्यांच्यापाशी बोलायला काही उरले नाही. ठाण्यावर त्यांना विचारले, "कोयंडा कच्चा आहे हे तुला दिसलं होतं का?" वडील खोटे बोलणारे नव्हते. म्हणाले, "दिसलं होतं." "मग सांगितलं का नाहीस?" यावर काय उत्तर द्यायचे?

त्या दिवसापासून त्यांनी रीत बदलली. कामात काही कच्चे दिसले, की त्याच दिवशी, मजुरी घ्यायच्या आधी, धन्याला बाजूला घेऊन सांगायचे. हाताने दाखवायचे. बदलायला किती खर्च येईल तेही सांगायचे, आणि म्हणायचे, "माझ्याकडूनच करून घ्या असं नाही. कुणाकडूनही घ्या, पण घ्या." आणि घरी आले की आम्हांला पाटीसमोर बसवायचे. एका वहीत आमच्याकडून लिहून घ्यायचे: अमुक तारीख, अमुक यांचे घर, मागच्या दाराचा कोयंडा बदलावा असे सांगितले. खाली अंगठा. ती वही ते ट्रंकेत कपड्यांखाली ठेवीत.

सगळ्यांनी त्यांना शाबासकी दिली असे समजू नका. एका धन्याने पुन्हा कामाला बोलावले नाही. "हा माणूस घराची टेहळणी करतो" असे तो चार ठिकाणी बोलला. ते काम गेले ते गेलेच. आम्ही हे लपवीत नाही. खरे सांगण्याला कधी कधी मजुरीचे मोल पडते. पण ठाण्यावरच्या दोन दिवसांपेक्षा ते वडिलांना स्वस्त वाटले, आणि आम्हांलाही वाटते.

म्हणजे दादांच्या प्रश्नाला आमचे उत्तर असे, की सांगावे. पण सांगण्यालाही रीत आहे.

ज्याचे दार, त्याला सांगावे. त्याच्या मुनिमाला नाही, शेजाऱ्याला नाही, चहाच्या टपरीवर तर मुळीच नाही. टपरीवर सांगितलेले चोराच्या कानी जायला किती वेळ लागतो? धनी परगावी असेल आणि घरात एकटी म्हातारी असेल, तर तिला घाबरवून सोडू नये. कोयंडा आपल्या हाताने नीट करता येत असेल, तर तिला विचारून तेवढा करून द्यावा आणि धनी आला की त्याला सांगावे. आणि ज्या कामाला बोलावले तेवढ्याच दाराकडे पाहावे. भिंत सारवायला गेलेल्या माणसाने तिजोरीची कडी हलवून पाहिली आणि मग म्हणाला, "शेट, तिजोरी कच्ची आहे," तर शेटने चिडावे हेच बरोबर.

आता आपल्या लोकांचे एक वेगळे दुःख आहे. ते बोलल्यावाचून पुढे जाता येत नाही. आपला माणूस इथून सुरतेकडे, बारडोलीकडे ऊस तोडायला, इमारतीवर कामाला जातो. तिथे तो परका. भाषा वेगळी, ओळख नाही. काही हरवले की पहिले बोट त्याच्याकडे. मुकादम बाजूला होतो. अशा ठिकाणी "मालक, तुमची कडी निघते" हे म्हणायला छाती लागते. आम्ही इथे बसून तुम्हांला धीर धरा म्हणतो, ते सोपे आहे, हे आम्हांला कळते. म्हणून परमुलखात एकट्याने सांगू नये. मुकादमाला घेऊन मालकाकडे जावे, आणि दोघांदेखत सांगावे.

पण एक गोष्ट आपल्या मुलांना जरूर सांगा. ज्या लोकांवर आज बोट दाखवतात, त्यांच्याच हाती एके काळी गावाची राखण होती. खानदेशात पुष्कळ गावी जागल्याचे काम भिल्लांकडे असे. रात्री गस्त घालायची, आल्यागेल्यावर नजर ठेवायची. चोरी झाली तर चोराच्या पावलांचा माग काढायचा. माग शिवेपर्यंत न्यायचा आणि पुढच्या गावच्या जागल्याच्या हवाली करायचा. माग जिथे थांबेल त्या गावाला जबाबदार धरत. इंग्रजांनी पेशव्यांचा मुलूख घेतल्यावर एल्फिन्स्टन नावाच्या त्यांच्या अधिकाऱ्याने १८१९ साली मोठा अहवाल लिहिला. त्यातही गावच्या राखणदाराच्या या कामाचे वर्णन आहे. ज्याच्या माथी एवढी जबाबदारी, तो पडके कुंपण पाहून मुकाट पुढे जाईल का? कारभाऱ्याला उठवून सांगेल. "तुला रे कसं ठाऊक?" असे त्याला कुणी विचारीत नसे. ठाऊक असणे हेच त्याचे काम होते.

आणखी एक शंका आहे. मागे बसलेल्या ताईंनी ती आत्ताच कुजबुजून सांगितली. त्या म्हणतात, "असं सांगत सुटलं तर चोरालाच शिकवल्यासारखं होईल."

ही शंका फार जुनी आहे. तिच्यावर सातासमुद्रापलीकडे मोठे भांडण झाले होते. १८५१ साली लंडन शहरात जगभरच्या वस्तूंचे प्रदर्शन भरले. तिथे अमेरिकेतून आल्फ्रेड हॉब्ज नावाचा एक कुलूपवाला आला. त्या वेळी इंग्लंडात चब कंपनीच्या कुलपाचा मोठा दबदबा होता. त्यात एक युक्ती होती. कुणी खोटी किल्ली चालवली, तर आतली पट्टी अडकून बसायची आणि कुणीतरी खटपट केली हे मालकाला कळायचे. हॉब्जने साक्षीदारांसमोर ते कुलूप सुमारे २५ मिनिटांत उघडले. मग तो ब्रामा यांच्या दुकानाकडे वळला. तिथे खिडकीत कित्येक वर्षे एक कुलूप मांडून ठेवले होते. जो ते किल्लीवाचून उघडील त्याला २०० गिनी बक्षीस. ते उघडायला हॉब्जला १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले. पण उघडले, आणि बक्षीसही घेतले.

लोक हॉब्जवर चिडले. म्हणाले, हा चोरांचा मास्तर आहे. त्यावर पुढे १८५३ साली कुलपांवरच्या एका इंग्रजी पुस्तकात उत्तर आले. त्याचा अर्थ असा, की चोर आपला धंदा चांगला जाणतात, त्यांना कुणी शिकवायला नको. ठाऊक नसते ते भल्या माणसाला. आमच्या त्या गाडीवानाला कुणी शिकवले होते? स्क्रू त्याच्या नाकासमोर होते. ठाऊक नव्हते ते फक्त शेटला.

तरी हॉब्जची गोष्ट आणि वडिलांची गोष्ट एक नाही. वडिलांनी पाहिले ते एका गोदामाचे एक दार होते. ते शेटला सांगितले की काम संपले. गावभर सांगून कुणाचेच भले नव्हते. हॉब्जने दाखवला तो दोष हजारो घरांत लागलेल्या कुलपाचा. तिथे एकट्याला सांगून भागत नाही. अशा वेळी आधी कुलूप करणाऱ्याला कळवावे, सुधारायला थोडा वेळ द्यावा, आणि तो कानाडोळा करू लागला तर विकत घेणाऱ्यांना सांगावे. आपल्या मुंबईत १८९७ साली अर्देशीर गोदरेज यांनी लालबागला कुलपांचा कारखाना काढला. असा कुणीही कारखानदार घ्या. आपल्या कुलपात खोट कुठे आहे हे त्याला कुणी सांगितलेच नाही, तर पुढचे कुलूप तो चांगले करणार कसे?

आणि हो, हॉब्जने पुढे लंडनमध्येच स्वतःच्या कुलपांचा कारखाना काढला. म्हणजे दुसऱ्याचे कुलूप कच्चे ठरण्यात त्याचाही फायदा होता. त्याने दाखवले ते खोटे नव्हते. पण सांगणाऱ्याचा यात काय लाभ आहे, हे ऐकणाऱ्याने मनात धरावे. काही कारागीर चांगल्या दाराला नावे ठेवतात, घरधनिणीला भीती घालतात आणि नवे कुलूप गळ्यात मारतात. ही पोती पळवण्यासारखीच चोरी आहे, फक्त दिवसाढवळ्या केलेली. वडील म्हणत, "माझ्याकडूनच घ्या असं नाही," ते याचसाठी.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या कुडाच्या घरात हे कशाला? तर आपल्या घरातही एक नवे दार आले आहे. ते म्हणजे फोन आणि बँकेचे खाते. त्याचे कारागीर म्हणजे फोन दुरुस्त करणारा पोरगा आणि अंगठा लावून पैसे देणारा बँकमित्र. त्यांनाही कच्च्या जागा दिसतात. एखाद्या आजीने पासबुकाच्या पुठ्ठ्यावरच एटीएमचे चार आकडे लिहून ठेवलेले असतात. कुणी फोनला कुलूपच लावलेले नसते. बँकमित्राने आजीला रांगेतून बाजूला घेऊन हळूच सांगावे, "आजी, हे आकडे खोडा, बँकेत जाऊन नवे घ्या." रांगेसमोर मोठ्याने सांगू नये. आधारचा बोटाचा ठसा बंद करून ठेवता येतो आणि पैसे काढायच्या वेळी तेवढा उघडता येतो, हेही त्याने सांगावे. पैसे गेलेच, तर लाजून घरी बसू नये. १९३० या नंबरवर लगेच फोन करावा. जितका उशीर, तितके पैसे दूर जातात.

संगणकाची कामे करणाऱ्यांतही हीच रीत पडली आहे. भारत सरकारने २००४ साली सर्ट-इन नावाची एक कचेरी काढली. संगणकाच्या व्यवस्थेत कच्ची जागा दिसली तर तिथे कळवता येते. पण तिथेही तिजोरी हलवून पाहण्याचा नियम लागू आहेच. दुसऱ्याच्या संगणकात परवानगीवाचून शिरले तर २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याप्रमाणे भरपाई द्यावी लागते. लबाडीने शिरले तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. "मी कडी तपासत होतो" एवढे म्हणून सुटका होत नाही.

असो. आता पाट्या घ्या.

वडिलांना चिठ्ठी लिहायला आमची वाट पाहावी लागे. आम्ही शाळेतून येईपर्यंत ते ओसरीवर बसून राहत, आणि घराचे नाव विसरू नये म्हणून पुटपुटत. तुम्हांला आता जोडाक्षरेही येतात. तुम्ही स्वतः लिहा. चिठ्ठीच्या दोन प्रती करायच्या. एक धन्याच्या हातात द्यायची, दुसरीवर त्याची सही घ्यायची आणि आपल्यापाशी ठेवायची. धनी सही देत नसेल तर भांडू नये. मुकादमाची किंवा बरोबरच्या गड्याची घ्यावी. चिठ्ठी दारावर चिकटवायची नाही, आणि ती कामावर पडू द्यायची नाही. तिच्यात दार कसे उघडते ते लिहायचे नाही. काय बदलायचे तेवढेच लिहायचे.

फळ्यावर लिहिले आहे ते पाहून लिहा:

"मालकांस,
आज आपल्याकडे काम करताना मागच्या दाराचा कोयंडा बदलणे जरूर आहे असे दिसले. स्क्रूऐवजी आरपार बोल्ट घालावेत. नट आतून आवळावेत. हे आपणांस तोंडी सांगितले आहे.
तारीख. सही."

"कोयंडा" लिहिताना ड ला य लावू नका. "ड्या" असे पुष्कळ जण लिहितात. "स्क्रू" अवघड आहे, तो दोनदा गिरवा. ज्या दादांनी प्रश्न विचारला, त्यांनी पुढे येऊन आपली चिठ्ठी मोठ्याने वाचून दाखवावी. आणि गुरुवारच्या बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या किंवा शेजारच्या एका पक्क्या दाराची कडी पाहून यावे. शेजाऱ्याची पाहणार असाल, तर आधी त्याला विचारा.